दुधातलं निळं विष

सोमवार, सकाळचे दहा. कोकरेवस्तीच्या मठापुढं माणसांची अशी दाटी झाली होती की चपला काढायलाही जागा उरली नव्हती. पुढं बायका, मागं बाप्ये, त्यांच्याही मागं मोटारसायकलींच्या सीटवर उभं राहून मोबाइल उंचावलेली तरणी पोरं. पळसदेवजवळ, उजनीच्या पाण्याला लागून असलेली ही जेमतेम साठ घरांची वस्ती. पण त्या दिवशी पार भिगवणपासून जीपा भरून आल्या होत्या. देव विष पिताना बघायला मिळणार होता, आणि तेही फुकट.

"समुद्रमंथनात जे हलाहल निघालं, ते देवानं कंठात धरलं," नीळकंठनाथ महाराज माइकला ओठ लावून गरजले. "तेच हे! ओरिजिनल! अमेरिकेचे सायंटिस्ट येऊन गेले, मशिनी लावल्या, मशिनी जळाल्या. शेवटी हात जोडले. म्हणाले, महाराज, ह्याच्यापुढं आमचं सायन्स संपतं!"

टाळ्या पडल्या. कुठले सायंटिस्ट, कधी आले, कुठं उतरले, असं विचारायला कुणालाच सुचलं नाही.

मंचावर एका मोठ्या परातीत गरम पाणी होतं. तिला महाराजांनी 'क्षीरसागर' असं नाव दिलं होतं. तिच्यात काचेच्या पाच बरण्या, प्रत्येकीत एकेका घरचं सकाळच्या धारेचं दूध, आणि वर घराच्या नावाची चिठ्ठी. महाराजांनी चांदीच्या झारीतून प्रत्येक बरणीत थोडं 'हलाहल' सोडलं. पाचही बरण्यांतलं दूध आकाशासारखं निळं झालं. बायकांनी तोंडाला पदर लावला.

मग भजन सुरू झालं. एक संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या मध्यावर पहिल्या बरणीतला निळा रंग फिका पडू लागला, आणि बघता बघता दूध पांढरंशुभ्र झालं. मग दुसरी. मग तिसरी आणि चौथी.

"पिलं! देवानं विष पिलं!" कोणीतरी किंचाळलं, आणि निम्मं पटांगण लोटांगणात गेलं.

पाचवी बरणी मात्र निळीच राहिली. महाराजांनी तिच्याकडं बराच वेळ खेदानं पाहिलं. मग चिठ्ठी उचलली आणि सावकाश वाचली.

"सिंधुबाई."

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सिंधुबाईच्या अंगावर जणू कोणी गार पाणी ओतलं. तिच्या शेजारी तिची भाची उभी होती, राजेश्वरी. बारामतीच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. महाराजांनी आपलंही दूध तपासायला मागितलंय असा मावशीचा रडवेला फोन आला म्हणून रजा टाकून आली होती. तिनं मावशीचा दंड धरला. डोळे मात्र महाराजांच्या बोटांवर होते. नखांच्या कडा निळ्या होत्या, आणि तो निळा रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या विद्यार्थ्यांची नखं परीक्षेच्या आठवड्यात तशीच असतात.

"ह्या घरचं विष देवानंसुद्धा नाकारलं," महाराज म्हणाले. "ह्याच दुधानं तुमच्या साऱ्या वस्तीचं दूध नासतंय. नवरा गेला, तो काय उगाच? गाईत बाधा आहे. गाय मठात आणून बांधावी, मगच शुद्धी."

चारी 'पुण्यवान' बरण्यांतलं दूध प्रसाद म्हणून वाटलं गेलं. कच्चंच. राजेश्वरीनं रांगेत उभं राहून हात पुढं केला, प्रसाद प्यायल्यासारखं केलं आणि तो पर्समधल्या निर्जंतुक बाटलीत ओतला.

घडलं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी हा महाराज वस्तीत आला. त्यानं घराघरांत दीक्षा दिली आणि दीक्षेबरोबर तीर्थाची बाटली. रोज धारेच्या भांड्यात सात थेंब टाकायचे, आणि ते दूध उकळायचं नाही. उकळलं की पुण्य जळतं. त्यानंतर महिन्याभरात वस्तीच्या संकलन केंद्राचं दूध दोनदा फाटलं आणि मोठ्या डेअरीनं परत पाठवलं. केंद्र आबासाहेबांकडं होतं. दूध कुणाच्या घरातून बिघडतंय हे त्यांना उमगेना. महाराज म्हणाले, मी शोधून देतो. आणि शोधलं कोणाला, तर साऱ्या वस्तीत दीक्षा न घेतलेल्या एका विधवेला, जी धारेआधी गाईची कास कोमट पाण्यानं धुवायची, स्वच्छ फडक्यानं पुसायची आणि कॅन उकळत्या पाण्यानं विसळून उन्हात पालथा घालायची.

"माझं काय चुकलं गं राजे?" घरी आल्यावर सिंधुबाईनं विचारलं. "धाकल्या पोरागत जपते मी त्या गाईला."

"तुझं एवढंच चुकलं मावशे, की तू भांडी घासतेस."

राजेश्वरीनं ओसरीवर पाट घेतला, त्यावर स्वच्छ कागद पसरला आणि पिशवीतून हाताच्या पंजाएवढं एक यंत्र काढलं. चार वर्षं ती आणि तिचे विद्यार्थी त्यावर काम करत होते. यंत्राला बोटाएवढी पट्टी लावायची. पट्टीच्या टोकाला सोन्याचा पातळ थर, आणि त्या थरावर एका ठरावीक जंतूला पकडणारे रेणू बसवलेले. शेणातून, मैल्यातून अन्नात उतरणारा ई. कोलाय हा तो जंतू. पट्टीवर दुधाचा थेंब टाकला की जंतू त्या रेणूंना चिकटतात. जितके जास्त चिकटतील, तितका पट्टीतून वाहणारा विजेचा प्रवाह बदलतो. यंत्र तो बदल मोजतं. त्यात मंत्र नाही आणि भजनही नाही. फक्त अर्धा तास थांबायचं.

सिंधुबाईच्या दुधाचा आकडा यंत्राच्या किमान मर्यादेच्या खाली आला. प्रसादाच्या दुधाचा आकडा इतका वर गेला की राजेश्वरीला ते पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. तिसरी पट्टी तिनं मावशीच्याच उकळलेल्या दुधावर लावली, यंत्रच खोटं बोलत नाही ना हे बघायला. तिथंही आकडा खालीच राहिला; यंत्र खरं बोलत होतं.

तशीच ती संकलन केंद्रावर गेली. आबासाहेब हिशेबाच्या वहीवर चष्मा ठेवून बसले होते.

"आबा, हे बघा. प्रसादाच्या दुधात शेणातले जंतू आहेत. माझ्या मावशीचं दूध चांगलं आहे. तो माणूस तुम्हाला उल्लू बनवतोय, आणि तुम्ही खुशाल बनताय."

"ह्ये कोणी सांगितलं?"

"ह्या यंत्रानं."

आबासाहेबांनी यंत्राकडं पाहिलंही नाही. "पोरी, तू शिकलेली हायस, मान्य. पण तुझ्या मशिनीत नुसता आकडा दिसतोय. म्हाराजांचं आमी डोळ्यांनी बघितलं. निळं व्हतं, पांढरं झालं. आता डोळ्यांवर इश्वास ठिऊ का तुझ्या आकड्यावर?"

"आकड्यावर."

"मग मावशीचं दूध मावशीलाच पाज," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी वही उघडली.

राजेश्वरी रस्त्यानं चालताना स्वतःवरच चरफडत होती. माणूस मूर्ख आहे असं त्याच्या तोंडावर सांगून आजवर कोण शहाणं झालंय? पण राग काही ओसरेना. ज्या माणसाच्या कपाटात शुगर मोजायचं यंत्र होतं, जो रोज सकाळी बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब लावून येणाऱ्या आकड्याप्रमाणं गोळी घ्यायचा, तो तिला विचारत होता, आकड्यावर विश्वास ठेवू का म्हणून!

बुधवारी दुपारी आबासाहेबांची नात निकिता आजारी पडली. सहा वर्षांची पोर. आधी पोट दुखलं, मग जुलाब, मग जुलाबात रक्त. आबासाहेबांची सून म्हाळसा तिला महाराजांकडं घेऊन गेली. महाराजांनी तीर्थ वाढवायला सांगितलं, सात थेंबांचे चौदा. गुरुवारी पोरीनं मान टाकली, तेव्हा तिला इंदापूरला दवाखान्यात न्यावं लागलं.

हे कळताच राजेश्वरी तिथं पोचली. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, हाताला सलाईन होती. दारात आबासाहेब भिंतीला टेकून उभे होते.

"तासाभराचा उशीर झाला असता तरी अवघड होतं," डॉक्टरीणबाई राजेश्वरीला म्हणाल्या. "ह्या आठवड्यात त्याच वस्तीतलं हे चौथं पेशंट. पाणी कुठलं पितात तिकडं?"

म्हाळसा बाकावर बसली होती. तिनं मान वर केली. "आमी शुद्ध दूध पितो, बाई. तीर्थाचं. न उकळता."

डॉक्टरीणबाईंनी राजेश्वरीकडं पाहिलं. राजेश्वरी म्हाळसाशेजारी बसली. ह्या वेळी तिनं आवाज खाली ठेवला.

"ती तीर्थाची बाटली आहे का जवळ?"

म्हाळसानं कमरेच्या पिशवीतून बाटली काढली. दवाखान्यातही ती पोरीला पाजायला घेऊन आली होती. गढूळ पाणी, तळाशी पांढरट साका, आणि झाकण उघडताच आंबूस वास.

अर्ध्या तासानं यंत्रावर आकडा आला. राजेश्वरीनं तो म्हाळसाला नाही, आबासाहेबांना दाखवला. "आबा, तुमचं शुगरचं यंत्र आणि हे, दोन्ही एकाच जातीची आहेत. ते रक्तातली साखर विजेच्या प्रवाहावरून मोजतं, हे दुधातले जंतू. त्याचा आकडा तुम्ही रोज मानता. पण मी आज तुम्हाला आकडा माना असं म्हणत नाही. तुम्हाला डोळ्यांनी बघायचंय ना? मग तुमच्याच घरी, तुमच्याच हातानं बघा."

त्या संध्याकाळी तिनं आबासाहेबांच्या सोप्यावर काचेच्या तीन बाटल्या ठेवल्या. तिन्हींत सिंधुबाईच्या गाईचं दूध. पहिलीत नुसतं दूध. दुसरीत दूध आणि तीर्थ. तिसरीत दूध आणि आबासाहेबांनी स्वतः चुलीवर खळाखळा उकळून गार केलेलं तीर्थ. मग स्वतःच्या प्रयोगशाळेतून आणलेली छोटी कुपी उघडून तिनं तिन्हींत निळे थेंब सोडले. बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या आणि आबासाहेबांना म्हणाली, "मी अंगणात बसते. हात तुम्हीच लावा."

चहा गार व्हायच्या आत दुसरी बाटली पांढरी झाली. पहिली निळीच. तिसरीही निळीच.

आबासाहेबांनी तिसरी बाटली उचलून उजेडाकडं धरली, परत ठेवली. मग त्यांनी अंगणात येऊन विचारलं, "म्हंजी... ज्ये पांढरं हुतंय, त्ये घाण?"

"तो निळा रंग म्हणजे मिथिलीन ब्लू. विष नाही, हलाहल नाही. डेअऱ्यांत कित्येक वर्षं ह्याच रंगानं दूध तपासतात. दुधात जंतू माजले की ते त्या रंगाला इलेक्ट्रॉन देतात आणि रंग उडतो. जितका लवकर उडेल, तितकं दूध घाण. चांगलं दूध तासन्‌तास निळं राहतं. ह्या लबाडानं तपासणी तीच ठेवली, आबा. निकाल तेवढा उलटा वाचला."

"आन् दूध फाटत हुतं ते?"

"साऱ्या वस्तीच्या कॅनात रोज सात-सात थेंब मैला पडत होता. फाटेल नाही तर काय?"

आबासाहेब खाली बसले. "आन् मी तुझ्या मावशीचं दूध बंद केलं," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी पटांगण पुन्हा भरलं. ह्या खेपेला महाराजांच्या गळ्यात नवा नाग होता, प्लास्टिकचा. पाच बरण्या, पाच चिठ्ठ्या, निळं हलाहल, भजन. चार पांढऱ्या झाल्या. पाचवी सिंधुबाईचीच, ती निळी. महाराजांनी खेदाचा तोच चेहरा केला, तोच सुस्कारा टाकला.

"गाय आणली का?"

"आणली न्हाय," सिंधुबाई म्हणाली. ती मंचाची पायरी चढली. "आदी मला एक बघायचंय. देवानं ईष पिलंय न्हवं? मग ह्या बरण्यांत त्ये ऱ्हायलं नसंल."

"मुळीच नाही."

सिंधुबाईनं पहिली पांढरी बरणी उचलली, झाकण घट्ट लावलं, आणि लोणी काढायची बरणी हलवावी तशी दोन्ही हातांनी खळाखळा हलवली. मग वर धरली.

दूध निळं झालं होतं.

तिनं दुसरी हलवली, मग तिसरी. दोन्ही निळ्या.

"आता देव ओकला काय, म्हाराज?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि हशा फुटला. त्या हशानं महाराजांचं जे झालं ते कुठल्याही शापानं झालं नसतं. त्यांचा रंग बरणीतल्या दुधाआधी उडाला.

"स्त्रीचा विटाळ!" महाराज किंचाळले. "बाईनं हात लावला, म्हणून विष परत आलं!"

"मग माजा हात घ्या," आबासाहेब पुढं येत म्हणाले. त्यांनी चौथी बरणी उचलून हलवली. तीही निळी झाली. "आता ह्ये कुणाचा विटाळ?"

राजेश्वरी पायरीवर उभी राहिली. माइक तिनं घेतलाच नाही. "रंग कुठंच गेला नव्हता. जंतूंनी त्याला पांढरं केलं होतं. बरणी हलवली, हवेतला प्राणवायू दुधात मिसळला, रंग पुन्हा निळा झाला. एवढंच. तुमच्या दुधात जंतू आले ते ह्यानं दिलेल्या तीर्थातून. महाराज, तीर्थ पवित्र आहे ना? हे घ्या." तिनं म्हाळसाची बाटली पुढं केली. "सात थेंब नकोत. एक घोट घ्या. सगळ्यांसमोर."

महाराजांनी बाटलीकडं पाहिलं. माणूस ज्या वस्तूला स्वतः भरतो, तिच्यात काय आहे हे त्यालाच पक्कं ठाऊक असतं.

"आज सोमवार. माझा कडक उपास आहे."

"उपासाला तीर्थ चालतं की!" दहा आवाज एकदम उठले.

"माझी साधना..."

"प्या म्हाराज," म्हाळसा म्हणाली. ती दवाखान्यातून थेट आली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं आवाज चढवला नाही. "माज्या पोरीनं पिलं. चवदा थेंब. तुमीच सांगितलं व्हतं. ईष देवानं न्हाय पिलं म्हाराज. सा वरसाच्या पोरीनं पिलं."

महाराज उठले. कोणाला आशीर्वाद न देता मंचामागच्या दारानं निघाले. पण तिथं आबासाहेबांनी आधीच बोलावून ठेवलेले दोन पोलीस उभे होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार म्हाळसाच्या नावानं नोंदली गेली. मठाच्या मागं गोठ्याच्या गटाराला लागून एक हौद सापडला. तीर्थ त्यातूनच भरलं जायचं, वर थोडं शिळं दूध घालून. खोलीत मिथिलीन ब्लूच्या बाटल्यांचं खोकं होतं. चौकशीत कळलं की नीळकंठनाथांचं खरं नाव दादासो. एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तो सहा वर्षं बाटल्या धुवायला होता. निळ्याचं पांढरं का होतं हे त्यानं तिथं रोज पाहिलं होतं. म्हणजे त्याला अज्ञानाचाही आधार नव्हता. ज्या तपासणीनं माणसं वाचतात, तिचाच उलटा अर्थ लावून तो माणसांना घाण पाजत होता आणि त्यांच्याकडून पाया पडून घेत होता.

लोक घरी जायला वळले, तेव्हा राजेश्वरीनं त्यांना थांबवलं. तिला त्यांचाही राग होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"त्या माणसाला तुरुंगात टाकाल, उद्या दुसरा येईल. निळ्याचं पांढरं नाही, तर पांढऱ्याचं लाल करेल. तेव्हा एवढंच करा. कोणी चमत्कार दाखवला की त्याला म्हणा, आता तुझं तीर्थ, तुझा अंगारा न घालता करून दाखव. आणि म्हणा, आता मला हात लावू दे. जो ह्या दोन गोष्टींना नाही म्हणेल, तो लबाड. शाळा शिकलेली असो नसो, एवढं विचारायला प्रत्येकाला तोंड आहे. आणि आजपासून दूध उकळा. माझ्या मावशीचंसुद्धा."

निकिता शनिवारी घरी आली. अशक्त होती, पण भात मागत होती.

रविवारी सकाळी सिंधुबाई पंधरवड्यानंतर पहिल्यांदा कॅन घेऊन केंद्रावर गेली. आबासाहेब लगबगीनं उठले. त्यांनी कॅन हातातून घेतला आणि तसाच मोठ्या टाकीकडं नेऊ लागले.

"तुजं दूध बघायची गरज न्हाय, सिंधुबाई. तुज्यावर आता माजा पुरा इश्वास हाय."

सिंधुबाईनं कॅनच्या कडीवर हात ठेवला आणि तो थांबवला.

"इश्वास नगं, आबा," ती म्हणाली. "तपासा."